दाराशेजारच्या बाकावरचे सुभेदार

शिक्षक वर्गात आले की कॉलेजातली मुलं उठत नाहीत, उठल्यासारखं करतात. बाकावरून जरा वर व्हायचं, मोबाइल मांडीखाली सरकवायचा आणि पुन्हा बसायचं. त्या वर्षी जूनमध्ये मी साताऱ्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मराठीच्या तासाला गेले, तर दाराशेजारच्या पहिल्या बाकावरून एक गृहस्थ ताडकन उभे राहिले. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले, नजर समोर. पंचेचाळिशी ओलांडलेली. पांढरा शर्ट, काळी पँट आणि लखलखीत काळे बूट. त्यांच्याकडे बघून अख्खा वर्ग खरोखरच उभा राहिला. विद्यापीठाची समिती न सांगता तपासणीला आली, असंच मला वाटलं.

"आपण कोण?" मी विचारलं.

"फडतरे हणमंत ज्ञानू. नायब सुभेदार, रिटायर. एफवायबीए."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सुभेदारांनी मान वळवून बघितलं नाही. मान वळवायची त्यांना सवयच नव्हती.

हजेरी घेताना मी अडखळले. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या माणसाला नुसतं आडनावाने कसं पुकारायचं? मी "हणमंतराव" म्हटलं. ते उठले, "हजर हाय, मॅडम," म्हणाले आणि बसले. पुढचं नाव ऋतुजा हणमंत फडतरे. खिडकीजवळच्या रांगेतून, जमिनीकडे बघत, "प्रेझेंट" असं जेमतेम ऐकू आलं. बाप-लेक एकाच वर्गात होते, आणि त्या दोघांच्या मध्ये वर्गाची सगळी रुंदी होती.

ऋतुजाला मी ओळखत होते. ती आदल्या वर्षीही याच वर्गात होती. तिचं वर्ष कसं गेलं, हे मी स्टाफरूमच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून पाहिलं होतं. मी तेव्हा तासिका तत्त्वावर होते. म्हणजे पगार तासांवर आणि नेमणूक दर वर्षी नवी. अशा माणसाला स्टाफरूममध्ये कुणी धरत नाही, त्यामुळे त्याच्यासमोर सगळं बोललं जातं.

फडत्र्यांचं गाव औंधच्या बाजूला. ऋतुजा पहाटेच्या एस.टी.ने साताऱ्याला यायची. ती गाडी कधी वेळेवर यायची, बऱ्याचदा नाही. आमचं कॉलेज सकाळचं, आणि पहिला तास देशमाने सरांचा, राज्यशास्त्राचा. सरांचा नियम असा की घंटा झाली की वर्गाचं दार आतून बंद. मग सह्यांचा कागद फिरवायचा. कागद फिरून आला की सर दार उघडून निघून जायचे. बहुतेक दिवशी तास एवढाच. घरी त्यांचे स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालायचे, तिकडची मुलं वाट बघत असायची. ऋतुजा धापा टाकत पोचायची तेव्हा सर जिना उतरत असायचे.

"सर, सही?"

"उद्या वेळेवर या."

पंच्याहत्तर टक्के हजेरी भरली नाही म्हणून दुसऱ्या सत्राला तिची टर्म नाकारली. पोरगी बाकीच्या सगळ्या विषयांना हजर होती, पण यादी लागली ती लागली. त्याच सुमाराला तिचे वडील कायमचे घरी आले होते. ते स्टाफरूममध्ये विनंती करायला आले. त्या दिवशीही तोच पांढरा शर्ट होता.

सर पेपर वाचत होते. खुर्ची रिकामी होती, पण त्यांनी बसा म्हटलं नाही.

"सर, पोरगी पहाटं उठती. गाडीच येत न्हाई टायमावर."

"गाडी माझ्या हातात नाही, दार माझ्या हातात आहे."

"व्हय सर. पन एक डाव बगा. तिचं वरीस जातंय." आणि एवढा उंच माणूस हात जोडून वाकला.

"हात खाली घ्या. फौजेत होता ना तुम्ही? मग शिस्त घरापर्यंत पोचली नाही वाटतं. का तिकडं नुसतंच हुकूम ऐकायचं काम?"

तेवढ्यात संस्थेतल्या एका बड्या माणसाचे मेव्हणे आत आले. सर उठले, खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. मेव्हण्यांच्या मुलाचं नाव त्याच यादीत होतं. तो मुलगा कॉलेजला आलेला मी वर्षभरात पाहिला नव्हता. चहा संपायच्या आत ते नाव यादीतून गेलं, हसत-खेळत, सुभेदारांच्या डोळ्यांदेखत. एक हात अजून छातीशी तसाच राहिला होता, तो त्यांनी खाली घेतला.

"बरं," ते म्हणाले. दारापर्यंत जाऊन थांबले. "सर, फुडच्या वर्षी भेटू."

"मुलीला पाठवा. तुम्ही यायची गरज नाही."

"दोगंबी येतो."

सरांनी पेपर पुन्हा उघडला. मलाही ते रागात बोललेलं वाक्य वाटलं होतं.

सुभेदार बारावी पास होऊन भरती झाले होते. ते निकालपत्र ट्रंकेतून काढून त्यांनी रीतसर प्रवेश घेतला. बायको म्हणाली, "लोकं काय म्हणतील?" ते म्हणाले, "म्हनू दे." ऋतुजाला काय वाटतं, ते कुणी विचारलंच नाही. हे मला पुढे कळलं.

रोज मोटरसायकलवरून दोघं यायचे. फाटकाशी ती उतरायची आणि मैत्रिणींत मिसळायची. सुभेदार घंटेच्या कितीतरी आधी बाकावर जाऊन बसायचे. कापडी खोळीतली पाण्याची बाटली, डबा आणि वह्या ते एका ओळीत मांडायचे. मुलांना पहिल्यांदा त्यांची गंमत वाटली, नंतर त्यांचा आधार वाटू लागला. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना ते तास संपल्यावर मैदानावर पळवायचे. "गड्या, छाती फुगवून काय हुतंय, दम टिकव." ते कुणावर ओरडत नसत. माझ्या तासाला निबंध लिहायला दिला, तर फळ्यावरचा विषय वहीत तीनदा वाचून घ्यायचे आणि मग अर्ध्या पानात संपवायचे. "मॅडम, ह्याच्या फुडं मला म्हाईत न्हाई," असं खाली प्रामाणिकपणे लिहायचे. मी त्यांना मार्क कमी दिले तर मान डोलवायचे, जास्त दिले तर शंका घ्यायचे.

त्यांच्या सगळ्या सौजन्यातून एकच माणूस वगळलेला होता.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट आहे. सरांनी दार लावलं, कागद फिरवला, सह्या झाल्या आणि ते निघाले. सुभेदार उठले, सरांच्या आधी दाराशी पोचले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले.

"सर, घंटा न्हाई झाली."

"बाजूला व्हा."

"दार घंटंला लागतं, घंटंला उघडतं. तुमचाच नियम हाय. आमी पाळतोय."

सर संतापले, मग जरा हसले, मग पुन्हा संतापले. सुभेदारांचा चेहरा तसाच. ते आवाज चढवत नव्हते, अंगाला हात लावत नव्हते, हलतही नव्हते. शेवटी सर टेबलाशी परत गेले आणि घंटा होईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. त्या दिवशी त्यांनी काही शिकवलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र शिकवावं लागलं. साठ मुलांकडे नुसतं बघत बसणं त्यापेक्षा अवघड असतं.

मग सर तासाला यायचेच टाळू लागले. कधी मीटिंग, कधी संस्थेचं काम. तास रिकामा गेला की मुलं कँटीनला जायची आणि सुभेदार प्राचार्यांच्या केबिनकडे. दारात सावधान उभे राहायचे.

"सर, राज्यशास्त्राचा तास झाला न्हाई."

प्राचार्य सुरुवातीला म्हणाले, "लेखी द्या."

"लेखी दिलं की त्याची फाईल हुती. मी तोंडीच सांगनार."

"मग एकदा सांगितलंत ना."

"उद्या न्हाई झाला तर उद्याबी सांगनार."

आणि ते सांगायचे. पाहुणे बसलेले असोत, पालक असोत, एकदा तर संस्थेचे अध्यक्ष बसलेले होते. सुभेदार दारात यायचे, त्याच आवाजात तेच वाक्य म्हणायचे आणि वळून निघून जायचे. प्राचार्य पायांच्या आवाजावरून ओळखायला लागले. शिपाई सांगायचा, साहेब चहाचा कप खाली ठेवतात आणि म्हणतात, "आले बघ." अखेर प्राचार्यांनी देशमाने सरांना बोलावून सांगितलं की काहीही करा, पण तासाला जा. मला माझा चहा शांतपणे पिऊ द्या. पण तास होऊ लागला तरी सुभेदारांची फेरी थांबली नाही, आता ते "सर, आज तास झाला," असं सांगायला दारात यायचे.

मी एकदा सुभेदारांना विचारलं होतं, "एवढा राग किती दिवस पुरणार?"

"राग न्हाई मॅडम. राग यिऊन जातो. हे येगळं हाय. म्होरच्याच्या अंगनात जाऊन बसायचं. दगड मारायचा न्हाई, शिवी द्यायची न्हाई. बसून ऱ्हायचं. त्योच उठून जातो."

हे ते अगदी सहज बोलले.

दिवाळीनंतर एक विचित्र गोष्ट घडली. ते स्टाफरूमच्या बाहेर माझी वाट बघत थांबले होते. चेहरा पडलेला.

"मॅडम, लय वाईट झालं."

"काय झालं? ऋतुजाला काही...?"

"ती बरी हाय. आवं, ह्यो मानूस शिकवतो चांगलं."

त्या सकाळी देशमाने सरांनी मूलभूत हक्क शिकवले होते. सक्तीने का होईना, रोज उभं राहावं लागल्याने त्यांची जुनी लय परत आली होती. आमच्या कॉलेजातली जुनी माणसं सांगायची की तरुणपणी देशमान्यांचं व्याख्यान ऐकायला सायन्सची मुलं येऊन बसत. सुभेदार त्या तासात हरवून गेले होते. घंटा झाली तरी त्यांना कळलं नव्हतं. आपण या माणसाकडे भक्तिभावाने बघत होतो, हे लक्षात आल्यावर त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

"मग आता सोडून द्या की," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी शत्रूला फितूर झाले होते. "सोडू? आवं, इतकं येतंय त्येला, आन तरी शिकवत न्हवता! येत नसतं तर एक डाव माफ केलं असतं. पोरांचं ताटातलं काढून घेत व्हता की ह्यो. आता तर मुळीच न्हाई."

त्या दिवसापासून ते तासात प्रश्न विचारू लागले. साधे, सरळ, उभं राहून. एकदा त्यांनी विचारलं, "सर, समानता म्हंजे एका यादीतलं एक नाव काढायचं आन दुसरं ठिवायचं, असं चालतं का?" वर्गात कुणाला काही कळलं नाही. सरांना कळलं. त्यांच्या हातातला खडू मोडला.

हे सगळं चाललं होतं तेव्हा सुभेदार दाराशेजारच्या बाकावर, नजर समोर ठेवून बसलेले होते. सह्यांचा कागद पहिल्यांदा त्यांच्याकडे यायचा. ते सही करून मागे द्यायचे. पुढे तो खिडकीजवळच्या रांगेत पोचला की नाही, पोचला तर तिथे कोण होतं, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. ते फक्त दार आणि देशमाने एवढंच बघत होते.

ऋतुजा दुसऱ्या सत्रात त्या तासाला बसतच नव्हती.

ती वडिलांच्या मागे बसून यायची, फाटकाशी उतरायची आणि पहिला तास लेडीज रूममध्ये काढायची. मला एकदा ती तिथे दिसली. खिडकीच्या कट्ट्यावर पाय वर घेऊन बसलेली, मांडीवर पुस्तक, डोळे बाहेर. मी म्हटलं, "अगं, तास सुरू झाला." ती म्हणाली, "मॅडम, तो तास त्यांचा आहे. दोघांचा. त्यात माझं काय काम?" मैत्रिणी तिची सही करायला तयार होत्या. तिने करू दिली नाही. यादी लागायची वेळ आल्यावर काय होणार, हे तिला पक्कं माहीत होतं. घरी सांगू का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "सांगू नका. त्यांना कळतं का बघू."

त्यांना कळलं नाही. कळलं ते देशमाने सरांना.

मार्चमध्ये सरांनी सुभेदारांना स्टाफरूममध्ये बोलावलं. मी माझ्या कोपऱ्यात पेपर तपासत होते. या खेपेला सर उठले, "बसा सुभेदार," म्हणाले आणि शिपायाला चहा सांगितला. सुभेदार उभेच राहिले.

सरांनी हजेरीचे कागद पुढे सरकवले. "तुमची मुलगी या सत्रात माझ्या तासाला नव्हती. जवळजवळ कधीच नव्हती. तुम्हाला माहीत असेलच."

सुभेदारांनी कागद उचलला. मग त्यांनी तो उलटा करून बघितला, जणू मागच्या बाजूला सह्या असतील.

"माझी काही अडचण नाही," सर हळू आवाजात म्हणाले. "मी हजेरी भरून टाकतो. टर्म मिळेल, परीक्षा देईल. पोरीचं आणखी एक वर्ष कशाला घालवायचं? तुम्ही फक्त प्राचार्यांकडे रोज जाणं थांबवा. पुढच्या महिन्यात माझ्या उपप्राचार्यपदाचं ठरतंय. आपण दोघंही वयाने मोठी माणसं आहोत."

चहा आला. कपातून वाफ निघत होती, कुणी हात लावला नाही.

"पोरीला बोलवा," सुभेदार म्हणाले.

ऋतुजा आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत दाराशी उभी राहिली.

"ऋतू, तू तासाला बसत न्हवतीस?"

"नाही."

"मी म्होरच्या बाकावर हुतो की गं."

"म्हणूनच."

"सर हजेरी भरत्यात म्हनं."

"भरू नका," ती सरांकडे बघून म्हणाली. मग वडिलांकडे वळली. इतका वेळ घोळून ठेवलेलं बोलणं तिने शांतपणे बाहेर काढलं. "पप्पा, गेल्या वर्षी माझं वर्ष गेलं तेव्हा मी रडत होते. तुम्ही मला विचारलं नाही, की कॉलेज बदलू का, विषय बदलू का, हॉस्टेलला राहू का. तुम्ही ट्रंक उघडली. सगळं कॉलेज मला सुभेदाराची पोरगी म्हणतं. मला हाक मारायला माझं नाव राहिलं नाही. तुम्ही माझ्यासाठी नाही आला, ह्यांच्यासाठी आला. मग बसा की ह्यांच्यासंगं."

सुभेदार तिच्याकडे बघत राहिले. सर म्हणाले, "बघा, विचार करा, घाई नाही." मला वाटलं, आता हा माणूस मोडणार. आता तो त्या खुर्चीत बसणार, चहा पिणार आणि पोरीचं वर्ष वाचवणार. कुठलाही बाप हेच करेल.

सुभेदारांनी कागद टेबलावर ठेवला, सरळ केला आणि ते बाहेर पडले. प्राचार्यांच्या केबिनच्या दारात जाऊन उभे राहिले. तिथे त्या वेळी संस्थेची माणसं बसलेली होती.

"सर, देशमाने सर माज्या पोरीची खोटी हजेरी भरतो म्हनाले. बदल्यात मी हितं यायचं न्हाई."

प्राचार्य म्हणाले, "कुणी ऐकलं?"

"कोपऱ्यात मॅडम हुत्या."

मला बोलावलं. मी जे ऐकलं ते सांगितलं. दुसरं काही सुचलंही नसतं, इतकं ते ताजं होतं.

देशमाने सरांचं उपप्राचार्यपद गेलं. गाजावाजा नको म्हणून संस्थेने त्यांची बदली पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यातल्या शाखेत केली. तिथे पोचायला पहाटेची एस.टी. धरावी लागे. घरचे वर्ग बंद पडले. ऋतुजाचं दुसरं वर्षही गेलं. तिने बॅग भरली आणि सांगलीला आत्याकडे निघून गेली. तिथे तिने नवा प्रवेश घेतला. आणि जूनमध्ये माझी नेमणूक झाली नाही. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढे मला कराडकडे काम मिळालं.

सुभेदार एका संध्याकाळी घरी आले. हातात पेढ्यांचा पुडा. मला वाटलं, माझ्या नोकरीबद्दल वाईट वाटून आलेत. तसं ते होतंही, पण त्यांच्या पद्धतीने.

"मॅडम, नाव सांगा फकस्त."

"कुणाचं?"

"ज्यानं तुमाला काडलं त्येचं."

मी हात जोडले. "कृपा करा सुभेदार. माझ्यासाठी कुठे प्रवेश घेऊ नका."

ते हसले नाहीत. त्यांनी थोडा वेळ चप्पलांच्या रॅककडे पाहिलं आणि सांगितलं की सरांची बदली झाल्यावर पहिला आठवडाभर ते रोज पहाटे स्टँडवर जात होते. काही बोलायला नाही, नुसतं बघायला. देशमाने सर हातात डबा घेऊन फलाटाजवळ उभे असायचे, गाडी यायची नाही, सर घड्याळ बघायचे. सुभेदार समोरच्या चहाच्या गाड्यावर बसलेले असायचे.

"त्यांनी बघितलं तुम्हाला?"

"बगितलं की. त्यासाटीच बसत हुतो."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, तसं मी देवळातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. बायकोने त्यांना म्हणे विचारलं होतं, सर तर गेले, पण आपली पोरगीबी गेली, त्याचं काय? त्यावर ते काय म्हणाले, ते त्यांनी मला सांगितलं नाही. पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला आणि गेले.

त्यानंतर भेट झाली ती गेल्या वर्षी, मिरज जंक्शनवर. मी सांगलीला पेपर तपासायला गेले होते आणि परतीच्या गाडीत बसायला जागा मिळावी म्हणून मिरजेत आले होते. साताऱ्याकडे जाणारी गाडी फलाटाला लागलेली, आणि एका खिडकीशी सुभेदार. केस पांढरे झालेले, पाठ तेवढीच ताठ. मला बघून उभे राहिले. मी समोरच्या बाकावर बसले. पायाशी हळदीची पिशवी होती. दर महिन्याला ते ऋतुजाला भेटायला येतात, म्हणाले. ती आता एम.ए. करते, शिकवण्या घेते. बहिणीच्या घरी जेवतात, दुपार काढतात आणि निघतात.

"बोलते का?"

"बोलती. पानी हवं का, भात वाडू का. कामापुरतं."

मी म्हटलं, इतक्या वर्षांनी तरी वाटतं का, की त्या दिवशी चहा प्यायला हवा होता?

त्यांनी हळदीची पिशवी पायाशी सरळ केली. "देशमाने दिसला हुता मदी. रिटायर झालाय. त्यानं नमस्कार केला." खिडकीबाहेर बघत ते पुढे म्हणाले, "म्या न्हाई केला."

एवढ्यात फलाटावरून एक मुलगी जवळजवळ पळत आली. डोक्याला स्कार्फ, हातात स्कूटीची किल्ली. ऋतुजा होती. मला तिने ओळखलं, मान हलवली, पण थांबली ती खिडकीशीच. तिने गजांतून औषधाच्या गोळ्यांची पाकिटं आत दिली. "बीपीच्या गोळ्या टेबलावर विसरलात. रात्रीची आहे ती विसरू नका."

"व्हय."

"पोचल्यावर फोन करा."

सुभेदारांचा चेहरा उजळला. "करतो की. कवा करू? तू जागी असशील..."

"आईला करा," ती म्हणाली. "मला नको."

आणि ती वळली. गर्दीतून सरळ चालत जिन्याकडे गेली. एकदाही मागे बघितलं नाही. सुभेदार खिडकीला चिकटून, मान शक्य तितकी वळवून, ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. गाडीने धक्का दिला. त्यांनी गोळ्यांची पाकिटं वरच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं आणि माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं आणि मिशीखाली हसू. ते लपवायचं भान त्यांना राहिलं नव्हतं.

"बगितलं मॅडम?" ते म्हणाले. "माजीच हाय ती."